आवड कोणाची? एका शालेय प्रयोगाची चिकित्सा

लहान प्राण्यांना कोणत्या प्रकारची जागा आवडते हे पाहण्याचा एक प्रयोग आपल्या शाळांतून बरीच वर्षे फिरत आहे. मार्गदर्शक पुस्तिका, प्रकल्पवह्या, शिबिरांत वाटलेली टिपणे आणि अलीकडे मोबाईलवरून येणारी चित्रे, सगळीकडे त्याचा आराखडा थोड्याफार फरकाने एकच असतो. एक पसरट डबा किंवा ताट घ्या. अर्ध्या भागात ओला कापूस, अर्ध्या भागात कोरडा कापूस ठेवा. मधोमध दहा प्राणी सोडा. दहा मिनिटांनी कोणत्या बाजूला किती आहेत ते मोजा. मग ओला-कोरडा याऐवजी उजेड-अंधार घ्या, त्यासाठी अर्ध्या डब्यावर काळा कागद झाका. शेवटी निष्कर्ष लिहा: या प्राण्यांना ओलावा व अंधार आवडतो.

हा आराखडा कोणा एकाचा नाही, तेव्हा त्याच्यावर टीका केल्याने कोणाचे मन दुखावण्याचे कारण नाही. तो वाईट आहे असेही आमचे म्हणणे नाही. पण त्यात काय राहून जाते आणि जे राहते त्याची किंमत कोण मोजतो, हे आम्हाला महाड तालुक्यातल्या एका शाळेत पाहावे लागले.

२०२४ च्या जुलै महिन्यात त्या शाळेत आम्ही मुलांचे प्रकल्प पाहायला गेलो होतो. आठवीच्या चार मुलींनी हाच प्रयोग केला होता. प्राणी होता पैसा, म्हणजे काही गावांत ज्याला वाणी म्हणतात तो, हात लावला की नाण्यासारखी गुंडाळी करणारा. (मुलींनी डब्यातून पैसे आणले म्हणून वर्गात हशा पिकला होता, तो विनोद दर जुलैत होत असावा.) तक्ता सुबक होता, निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे होता. पण मूळ वहीत आकड्यांची एक ओळ बॉलपेनने गिरवून गिरवून खोडलेली होती आणि तिच्यावर दुसरे आकडे लिहिलेले होते. आम्ही विचारले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाली, “सर, उलटं आलं होतं. पुस्तकात ओलं आहे ना, म्हणून बदललं.” दुसरी हळूच म्हणाली, “पावसात ते वरच चढतात सर. आमच्या पडवीच्या भिंतीवर असतात.”

त्या दिवशी आम्ही मान डोलावली, नेहमीसारखे गुण दिले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. खोडलेला आकडा आम्हाला वाचता आला नाही आणि तो काय होता हे विचारण्याचेही सुचले नाही. परतीच्या एस. टी. त माणगाव येईपर्यंत मात्र ती पडवीची भिंत डोक्यातून जाईना. त्या खोलीत त्या दिवशी एकच खरे निरीक्षण मांडले गेले होते, ते त्या मुलीचे. आणि आम्ही, ज्यांची उपजीविकाच निरीक्षणावर चालते, त्याला शून्य गुण दिले होते.

म्हणून हा आराखडा पुन्हा काढून बसलो. त्यातला सर्वांत खटकणारा शब्द आहे ‘आवडतो’. दहा मिनिटांनंतर प्राणी एका बाजूला जास्त संख्येने दिसले, एवढेच आपण पाहिलेले असते. ते तिथे का आहेत, हे पाहिलेले नसते. बोगदा सुरू होण्यापूर्वी पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडी घाटात ट्रकांची रांग ठरलेली असे. कोणी डोंगरावरून पाहिले असते तर महामार्गावरचे सर्वाधिक ट्रक घाटातच आहेत असे त्याला दिसले असते. त्यावरून ट्रकचालकांना घाट आवडतो असे कोणी म्हणणार नाही. घाटात गाड्या मंद होतात म्हणून तिथे त्या साचतात, इतकेच.

प्राण्यांच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते, हे नव्वद वर्षांपूर्वी दाखवले गेले आहे. कुंडी किंवा ओली वीट उचलली की खाली जे करड्या रंगाचे, चौदा पायांचे, कवचाच्या पट्ट्या असलेले छोटे प्राणी पळताना दिसतात, ते वुडलाईस. दिसायला किड्यासारखे असले तरी ते खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातले. डोनाल्ड गन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९३७ साली त्यांच्यावर आर्द्रतेचे प्रयोग प्रसिद्ध केले. दमट हवेत हे प्राणी पुष्कळ वेळ स्वस्थ बसतात, कोरड्या हवेत जास्त वेळ चालत राहतात, असे त्याला आढळले. एखादा प्राणी वाट्टेल तसा भटकत असला, दमट जागेची दिशा त्याला मुळीच कळत नसली, तरी दमट जागी पोचल्यावर तो थांबतो आणि कोरड्या जागी पोचल्यावर चालत राहतो. परिणामी थोड्या वेळाने बहुतेक सारे दमट बाजूला साचलेले दिसतात. निवड कोणीही केलेली नसते. अशा दिशाहीन, फक्त वेग किंवा वळणे बदलणाऱ्या प्रतिसादाला कायनेसिस म्हणतात, आणि उद्दीपकाच्या रोखाने किंवा त्याच्यापासून दूर जाण्याला अनुचलन. गन आणि गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी १९४० साली ‘द ओरिएन्टेशन ऑफ अ‍ॅनिमल्स’ या पुस्तकात हा फरक नीट मांडला आणि पुढे तो विषयाचा पाया झाला. आमच्या आराखड्यात हा फरक पडत नाही, कारण तिथे प्राणी एकदाच, दहाव्या मिनिटाला मोजले जातात. फोटो काढून चालण्याचा वेग मोजण्यासारखे ते आहे.

उपाय महागडा नाही. ताटाच्या तळाशी आलेखाचा कागद लावावा, एकच प्राणी सोडावा आणि तो कसा फिरतो याची रेघ दुसऱ्या आलेख कागदावर काढत जावी. एका मुलीने दर अर्ध्या मिनिटाला ‘आता’ म्हणावे, दुसरीने रेघेवर खूण करावी. कोरड्या बाजूला अर्ध्या मिनिटात किती चौकोन पार झाले, ओल्या बाजूला किती, आणि सीमारेषेवर आल्यावर प्राणी मागे वळतो की बेफिकीर पलीकडे जातो, हे त्या एका कागदावर दिसते. आठवीची मुले हे उत्तम करतात. त्यांना मोठ्यांपेक्षा धीर जास्त असतो, असा आमचा अनुभव आहे.

आता त्या मुलींच्या ‘उलट’ आलेल्या उत्तराकडे वळू. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरात. जुलैतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता पाहायला वेधशाळेत जाण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडावी. सामान्य तापमानाला शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्क्यांवरच्या आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, त्यामुळे त्याला त्याहीआधी पाणी सुटते. जून उजाडला की कोकणातल्या घराघरात मिठाला पाणी सुटते, ही आर्द्रतामापकाची नोंदच समजावी. अशा हवेत ठेवलेला ‘कोरडा’ कापूस म्हणजे काय? तासाभरात तोही दमटच होतो. म्हणजे आराखड्यात लिहिले आहे ओले विरुद्ध कोरडे, आणि ताटात प्रत्यक्षात आहे थबथबीत विरुद्ध दमट. प्राण्याने थबथबीत बाजू टाळली तर त्याने पुस्तकाला खोटे पाडले असे होत नाही. पुस्तकातला प्रश्न त्याला विचारलाच गेला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्राणी ताटात येतो तो कोरी पाटी घेऊन येत नाही. डच संशोधक डेन बोअर यांनी १९६१ साली वुडलाईसबद्दल असे मांडले की दमट आडोशात राहून अंगात पाणी जास्त झालेले प्राणी रात्री बाहेर पडून झाडांच्या खोडांवर चढतात आणि जादा पाणी हवेत सोडतात. म्हणजे तोच प्राणी तहानलेला असताना ओल्याकडे आणि पाण्याने टम्म झालेला असताना कोरड्याकडे जाऊ शकतो. पैशांच्या बाबतीत असेच असेल असे आम्ही म्हणत नाही, दोन्ही प्राणी फार वेगळे. मात्र जुलैत शेताचे बांध, परसू आणि रस्त्याकडेची माती पाण्याने गच्च भरते, मातीतल्या पोकळ्यांतली हवा हुसकली जाते, आणि त्याच दिवसांत पैसे भिंतींवर, पायऱ्यांवर, तुळशीवृंदावनावर चढलेले दिसतात, हे महाड-पोलादपूरकडच्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. त्या मुलींनी प्राणी जमवले भिजलेल्या बांधावरून आणि प्रयोगापर्यंत ठेवले ओले गवत घातलेल्या बरणीत. अशा प्राण्यांना मग ओल्या-कोरड्याचा प्रश्न विचारला. त्यांनी कोरड्याकडे जावे, शिवाय ताटाच्या कडेवर चढावे, यात चूक असण्यासारखे काय होते? चूक होती ती त्यांच्या उत्तराला उलट म्हणण्यात.

यातूनच खरा प्रयोग तयार होतो आणि तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. पकडलेल्या प्राण्यांचे दोन गट करावेत. एक गट चार-पाच तास ओल्या पालापाचोळ्यात, दुसरा तितकाच वेळ तुलनेने कोरड्या पालापाचोळ्यात ठेवावा. मग दोन्ही गटांना एकाच पेटीत, पण स्वतंत्रपणे सोडावे. आधीची अवस्था बदलली की वागणे बदलते का, हा प्रश्न ‘काय आवडते’ यापेक्षा फार चांगला आहे, कारण त्याचे उत्तर आम्हालाही ठाऊक नाही. कोरड्या पालापाचोळ्यातल्या गटावर मात्र लक्ष ठेवावे. या प्राण्यांच्या अंगावरचे आवरण कीटकांच्या आवरणाइतके पाणी राखणारे नसते, त्यामुळे ते लवकर सुकतात. रात्रभर ठेवून सकाळी पाहू, असे करू नये.

पेटी कशी असावी? श्रीखंडाचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या मधल्या भिंती कापून जोडावेत, किंवा एकाच चौकोनी डब्यात आडवी भिंत घालून तळाचे दोन भाग करावेत. एका भागात साधे पाणी ठेवावे, दुसऱ्यात मिठाचे संपृक्त द्रावण, तळाशी न विरघळलेले मीठ दिसेल इतके. यासाठी पुडीतले मीठ घ्यावे. या द्रावणावरची बंदिस्त हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला येते, साध्या पाण्यावरची जवळजवळ १०० टक्क्यांना. दोहोंच्या वर, पाण्याला न टेकेल अशी, डासांची जाळी ताणून बसवावी आणि प्राणी त्या जाळीवर सोडावेत. म्हणजे पायाला ओल लागली म्हणून की हवा दमट म्हणून, हा गोंधळ मिटतो. अधिक कोरडी बाजू हवी असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतले कॅल्शियम क्लोराइड किंवा बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात. झाकण लावून अर्धा तास थांबावे, लगेच प्राणी सोडू नयेत. कोबाल्ट क्लोराइडच्या कागदाचे दोन तुकडे आतल्या बाजूने झाकणाला चिकटवले तर आर्द्रतेत फरक पडला की नाही हे रंगावरून कळते. हे तुकडे प्राण्यांच्या वाटेत येऊ देऊ नयेत, ते विषारी असतात.

मोठे पैसे डब्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी घरातली परात बरी, मात्र तिच्यावर बसेल असे झाकण शोधावे लागते आणि तिथे आर्द्रतेचा खेळ अवघड होतो. लहान जाती घ्याव्यात हे उत्तम.

उजेड-अंधाराच्या भागाबद्दल थोडक्यात. खिडकीशी ठेवलेल्या डब्यावर काळा कागद झाकला की ती बाजू अंधारी तर होतेच, पण तापतेही. ओल्या कापसाची बाजू पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड होते, जुलैत फारशी नाही, पण मार्च-एप्रिलच्या महाडच्या दुपारी काही अंशांनी. तेव्हा प्राणी अंधाराकडे गेला की उबेकडे, ओलाव्याकडे गेला की गारव्याकडे, हे सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना एकेक तापमापक ठेवावा, आणि तो नसेल तर निदान निष्कर्षात ही शंका लिहावी. शंका लिहिल्याने गुण कमी होतात ही मुलांची समजूत आपण करून दिलेली आहे.

मोजणीचा प्रश्न राहिला. दहांतले सात ओल्या बाजूला, तीन कोरड्या बाजूला, म्हणजे सत्तर टक्के, म्हणून आवड सिद्ध, असे तक्ते आम्ही डझनांनी पाहिले आहेत. वर्गात साठ मुले असतील तर प्रत्येकाला एक नाणे दहा वेळा उडवायला सांगावे. छापा आणि काटा यांत सात-तीन किंवा त्याहून एकांगी विभागणी सुमारे वीस मुलांना मिळेल. गणिताने ही शक्यता ३४ टक्के येते. नाण्याला काही आवडत नाही, तरी. वीस प्राणी घेऊन चौदा-सहा आले, म्हणजे प्रमाण तेच, तर निव्वळ योगायोगाने तितके किंवा त्याहून एकांगी उत्तर येण्याची शक्यता साडेअकरा टक्क्यांवर उतरते. पंधरा-पाच आले तर सुमारे चार टक्क्यांवर. दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना हे उदाहरण पत्त्यांच्या जोडापेक्षा केव्हाही चांगले.

पण इथे एक मेख आहे. नाण्याच्या दहा फेका एकमेकींकडे पाहत नाहीत, प्राणी पाहतात. वुडलाईस एकमेकांना चिकटून घोळके करतात. वॉर्डर अ‍ॅली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ सालीच याचा अभ्यास केला होता आणि घोळक्यात राहिल्याने अंगातले पाणी कमी वेगाने जाते असे त्याला दिसले. एक प्राणी कोपऱ्यात बसला, बाकीचे त्याला येऊन चिकटले, तर ताटात वीस प्राणी असूनही मत एकच पडले. वर्गाच्या निवडणुकीत बाकावरचे सगळे पहिल्याकडे बघून हात वर करतात तसे. यावर उपाय दोन: प्राणी एकेक करून सोडावा, किंवा एक ताट म्हणजे एक मत असे धरून पुष्कळ ताटे करावीत. शाळेत पहिला सोपा.

एकेक सोडतानाही जाळी धुवावी लागते. पैशाला छेडले की तो अंगाच्या बाजूच्या ग्रंथींतून तपकिरी, उग्र वासाचा द्राव सोडतो, बोटांना लागलेला डाग दोन दिवस जात नाही. पहिल्या प्राण्याने घाबरून ज्या बाजूला तो सोडला ती बाजू पुढच्याला नको वाटली, तर आपण मोजतो आहोत भीती आणि लिहितो आहोत आर्द्रता. गोगलगाईच्या चिकट वाटेचे आणि मुंग्यांच्या वासाच्या माळेचेही तेच. मुंगी तर या प्रयोगाला सर्वांत गैरसोयीची, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त वापरली जाते, कारण ती सापडते.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रयोग असतो, तो आराखड्यात नसतोच. दोन्ही बाजू अगदी सारख्या ठेवून प्राणी सोडायचे. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे उजेड. तरीही ते एकाच बाजूला जाऊ लागले तर टेबल कलते आहे, खिडकी एका बाजूला आहे, किंवा डब्याला वास आहे असे काहीतरी असणार. ते सापडेपर्यंत पुढे जाता येत नाही. पुढेही अर्ध्या वेळाने पेटी अर्धी फिरवायची, म्हणजे खिडकीकडची बाजू उलटी होते. आमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत हा सारख्या बाजूंचा प्रयोग कंटाळवाणा म्हणून टाळण्याचा मोह नव्या विद्यार्थ्यांना होतो, आणि जुन्यांनाही.

इतके दोष दाखवल्यावर कोणी म्हणेल, मग शाळेत हा प्रयोग करूच नये. आमचे मत उलट आहे. शाळेत करता येणाऱ्या जीवशास्त्राच्या प्रयोगांत याच्याइतका चांगला प्रयोग क्वचितच मिळेल. त्यात कोणाला मारावे लागत नाही, काही विकत आणावे लागत नाही, आणि उत्तर आधीच छापलेले नसते, निदान नसावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या आणि २००२ पर्यंत चाललेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हेच दाखवून दिले होते, की खेड्यातल्या साध्या शाळेत मुलांच्या हाताने प्रयोग होऊ शकतो आणि त्यांच्या वहीतला आकडा हाच धड्याचा आधार होऊ शकतो. १९९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेतही स्थानिक प्रश्नावर भर असतो. महाडच्या मुलींना पडवीच्या भिंतीहून स्थानिक प्रश्न कोणता मिळणार?

लहान प्राणी कुठे दडतात हा प्रश्न या भागात नुसत्या कुतूहलाचाही नाही. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात अशा रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या, त्या १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाच्या वापराने मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला इथे त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. त्या कामाची सुरुवात जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवण्यापासून झाली. पुस्तकाशी न जुळणारी नोंद कोणी खोडली असती तर पुढचे काही झाले नसते.

विंचवावरून आठवले. प्राणी गोळा करायला मुलांना पाठवताना दगड उचलण्याची रीत आधी शिकवावी. दगड आपल्याकडे कलवून उचलावा, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसे असेल तर दगड मध्ये ढालीसारखा राहतो. दगड पुन्हा होता तसाच ठेवावा, त्याखालचे घर मोडू नये. गोम आणि पैसा यांतला फरक सर्वांना यायला हवा: गोमेला प्रत्येक वलयावर पायांची एक जोडी आणि चावण्याची खोड, पैशाला बहुतेक वलयांवर दोन जोड्या आणि चावण्याची खोड नाही. पैशाला हाताळलेला हात डोळ्याला लावू नये. गोगलगाय हाताळली तर साबणाने हात धुवावेत. विंचू, कितीही छोटा असला तरी, वर्गात आणू नये. आणि प्रयोग संपल्यावर प्राणी जिथून आणले त्याच बांधावर त्याच दिवशी सोडावेत. शाळेच्या मागे नेऊन टाकले की झाले, असे नाही. त्यांना उचलून आणले ते आपल्या सोयीने, तेव्हा परत नेऊन सोडण्याची तसदी आपणच घेतली पाहिजे.

त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. खोडलेल्या ओळीबद्दल लिहिले, आमच्या गुणांबद्दलही लिहिले, आणि वर दिलेला पेटीचा आराखडा सोबत जोडला. त्या मुलींना मूळ आकडा आठवत असेल तर तो वहीत पुन्हा लिहू द्यावा, एवढी विनंती केली. बाईंचे उत्तर पुढच्या पावसाळ्यात, २०२५ च्या जूनअखेर आले. मूळ आकडा कोणालाच आठवत नव्हता. मुली आता नववीत होत्या आणि त्यांनी प्रयोग नव्याने सुरू केला होता, श्रीखंडाच्या डब्यांच्या पेटीत, एकेक पैसा सोडून. अजून आर्द्रतेपर्यंत पोचलेल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना साधे पाणी ठेवले असताना प्राणी पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात जाऊन बसत होते. पेटी फिरवली की कोपराही फिरत होता, म्हणजे खिडकीचा दोष नव्हता. त्या कोपऱ्यात श्रीखंडाचा वास राहिला आहे असे दोघींचे म्हणणे होते. उरलेल्या दोघींना ते पटत नव्हते, कारण तिथे कापलेल्या प्लॅस्टिकची खरखरीत कड होती. डबा शिकेकाईने घासून पाहायचा की कडेवर चिकटपट्टी लावायची, यावर वर्गात वाद चालू होता. दोन्ही एकदम करू नका, एवढेच आम्ही कळवले.